फेनिटॉइनची एकच गोळी वाढवली, तर तोल का जातो?

नागपुरातल्या एका गृहस्थांचा प्रश्न आहे. त्यांचे वडील ६४ वर्षांचे, वजन साधारण साठ किलो. मिरगीसाठी बऱ्याच वर्षांपासून फेनिटॉइनच्या १०० मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या रोज रात्री घेतात. मार्चमध्ये गोंदियाला लग्नाला गेले असताना त्यांना झटका आला. डॉक्टरांनी तीनच्या चार गोळ्या केल्या. तीन-चार आठवड्यांनी चालताना तोल जाऊ लागला, वस्तू दोन-दोन दिसू लागल्या, जीभ जड झाली. घरच्यांना वाटलं ऊन लागलं, कांदा-पन्हं सगळं झालं. मोहल्ल्यात कुणी म्हणालं की काकाजी पिऊन आहेत, आणि या माणसाने आयुष्यात थेंब घेतलेला नाही. शेवटी रक्तातली फेनिटॉइनची पातळी काढली ती ३८ आली, हवी असते १० ते २०. मुलाचे प्रश्न तीन आहेत. फक्त एक गोळी वाढली तर औषध एवढं कसं चढलं? लिव्हर खराब झालं का? गोळी आजपासून बंद करू का? आणि जाता जाता त्यांनी लिहिलंय, ‘बाकी काही औषध नाही, फक्त गजकर्णासाठी दुकानातून आणलेली फ्लुकोनॅझोलची गोळी एक दिवसाआड सुरू आहे.’

मी नागपुरातच मेंदूविकारांचे रुग्ण पाहतो आणि मिरगीचे रुग्ण हा माझ्या कामाचा मोठा भाग आहे. काटोल, उमरेड, भंडारा, छिंदवाडा अशा चहूकडून येणाऱ्या रुग्णांमध्ये ही कहाणी थोड्याफार फरकाने पुन्हा पुन्हा दिसते. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी तातडीचं. गोळी तुमच्या मनाने कायमची बंद करू नका आणि आजची रात्रीची गोळी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय देऊही नका. म्हणजे फोन आजच करायचा. ३८ हा आकडा, वडिलांची लक्षणं आणि फ्लुकोनॅझोल, या तिन्ही गोष्टी त्यांना सांगा. बहुतेक डॉक्टर अशा वेळी एक-दोन डोस थांबवायला सांगतात, पातळी पुन्हा तपासतात आणि कमी मात्रेवर पुन्हा सुरू करतात. देखरेखीखाली थांबवणं वेगळं आणि शेजाऱ्यांच्या सल्ल्याने सोडून देणं वेगळं. फेनिटॉइन एकदम सोडलं आणि मागे दुसरं औषध उभं नसलं, तर एकामागून एक न थांबणारे झटके येऊ शकतात. ती अवस्था आजच्या तोल जाण्यापेक्षा कितीतरी धोक्याची आहे. वडील हाका मारूनही नीट जागे होत नसतील, गिळताना ठसका लागत असेल, उलट्या थांबत नसतील, असंबद्ध बोलत असतील किंवा झटके उलट वाढले असतील, तर फोनवर वेळ घालवू नका. मेडिकल, मेयो किंवा जवळचं जे मोठं रुग्णालय असेल तिथे थेट न्या. पातळी फारच वर गेली की झटके थांबवणारं हेच औषध झटके आणूही शकतं. ते पाहून कुणी घरी आणखी एक गोळी दिली, तर आगीत तेल पडतं. तोवर वडिलांना एकटं चालू देऊ नका, विशेषतः रात्री संडास-बाथरूमला जाताना. या वयात औषधापेक्षा पडून मोडलेलं खुब्याचं हाड जास्त महाग पडतं.

आता मूळ मुद्दा. तुम्ही विचारलंत, एका गोळीने एवढं कसं झालं? मी तुमच्या जागी असतो तर विचारलं असतं की तीन गोळ्यांवर असताना बाबा कुठे उभे होते? चौथ्या गोळीचा परिणाम त्या गोळीवर ठरत नाही. त्यांच्या शरीराची हे औषध मोडण्याची किती क्षमता शिल्लक होती, त्यावर ठरतो.

बहुतेक औषधांचं गणित सरळ असतं. मात्रा दुप्पट केली की रक्तातली पातळी दुप्पट होते, कारण शरीर ठरावीक वेळात औषधाचा ठरावीक हिस्सा बाहेर काढतं. जास्त आलं तर जास्त काढतं. फेनिटॉइन तसं वागत नाही. हे औषध मूत्रपिंडातून जसंच्या तसं फारसं बाहेर पडत नाही, पाच टक्क्यांहूनही कमी. बाकी सगळं यकृतात मोडावं लागतं आणि ते काम मुख्यतः एक एन्झाइम करतं. त्याचं नाव सीवायपी२सी९. सीवायपी२सी१९ नावाचं त्याचं भावंड थोडा हात लावतं. मोडून झालेला निरुपयोगी पदार्थ मग लघवीतून जातो. अडचण अशी की हे एन्झाइम आपण वापरतो त्या मात्रेतच जवळजवळ भरून जातं. दिवसाला ते जास्तीत जास्त किती मिलिग्रॅम मोडेल याला ठाम मर्यादा आहे.

आपल्याकडे कापसाच्या हंगामात जिनिंगच्या आवारात जे होतं, तेच इथे होतं. जिन दिवसाला शंभर गाड्यांचा कापूस काढत असेल आणि नव्वद गाड्या येत असतील, तर संध्याकाळपर्यंत आवार बऱ्यापैकी मोकळं होतं. पंच्याण्णव आल्या तर रांग लांबते, पण निभतं. एकशे दोन यायला लागल्या की रोज दोन गाड्या मागे उरतात, दुसऱ्या दिवशी चार, आणि महिन्याभरात रस्ता बंद. गाड्या वाढल्या थोड्याच, पण त्या मर्यादेपलीकडे वाढल्या.

आता हे आकड्यांत पाहू, म्हणजे नुसतं सांगणं राहणार नाही. पाठ्यपुस्तकी सरासरी अशी की प्रौढ माणूस दिवसाला किलोमागे सुमारे ७ मिलिग्रॅम फेनिटॉइन मोडू शकतो. साठ किलोच्या माणसाला म्हणजे जास्तीत जास्त ४२० मिलिग्रॅम. आणि रक्तातली पातळी मिलिलिटरमागे ४ मायक्रोग्रॅमच्या आसपास असतानाच एन्झाइम अर्ध्या क्षमतेने राबत असतं. आपल्या गोळीत फेनिटॉइन सोडियम असतं, म्हणून १०० मिलिग्रॅमच्या गोळीत प्रत्यक्ष फेनिटॉइन ९२ मिलिग्रॅम. ही सरासरी धरून मांडलं तर रोज ३०० मिलिग्रॅमवर पातळी साधारण ८ ला स्थिरावते. ३५० वर १३. ४०० वर २८. आणि ४५० वर हिशेबाने उत्तर २७० च्या पुढे जातं. एवढी पातळी कुणी गाठत नाही, त्याआधीच माणूस रुग्णालयात पोचतो. म्हणजे पहिले ५० मिलिग्रॅम वाढवल्यावर पातळी पाचने चढली, पुढच्या ५० ने पंधराने, आणि त्यापुढच्या ५० ला ती थांबायलाच तयार नाही. तुमच्या वडिलांची मात्रा एक-तृतीयांशाने वाढली, पातळी मात्र साडेतीन पटींहून जास्त वाढू शकते. हवी असलेली पातळी १० ते २०. ही खिडकी चढावर नेमकी तिथे आहे जिथून चढ एकदम उभा होतो.

हे आकडे सरासरीचे आहेत हे विसरू नका. माणसामाणसांत यात फार फरक पडतो. काहींना जन्मतःच हे एन्झाइम मंद मिळालेलं असतं. त्यांना तीन गोळ्याच जास्त होतात. लहान मुलं वजनाच्या मानाने औषध लवकर मोडतात, म्हातारी माणसं हळू. म्हणून माझ्याकडे कुणी ‘माझ्या काकांना चार गोळ्या चालतात, मग बाबांना का नाही’ असं विचारलं, तर उत्तर एवढंच की काकांचं एन्झाइम काकांचं आणि बाबांचं बाबांचं.

तुम्हाला आणखी एक गोष्ट खटकली असेल. गोळी वाढवल्यावर पहिले पंधरा दिवस तर ते ठीक होते, मग नंतर कसं बिघडलं? कमी पातळीवर फेनिटॉइन रक्तात निम्म्यावर यायला साधारण एक दिवस घेतं. पातळी वर गेली की निचरा अडतो, हाच काळ लांबतो आणि कित्येक दिवसांचा होतो. म्हणून मात्रा वाढवल्यावर पातळी एका आठवड्यात स्थिरावेल असं धरून चालता येत नाही. कधी तीन आठवडे, कधी त्याहून जास्त ती हळूहळू चढतच राहते. घरच्यांना वाटतं नवी मात्रा मानवली, आणि मग एके सकाळी भिंत धरून चालणं सुरू होतं. इतके दिवस मध्ये गेल्यामुळे गोळीचा आणि तोलाचा संबंध कुणाच्या लक्षात येत नाही. त्यात नागपूरचा उन्हाळा, मे महिन्यात तर पारा ४५ अंशांच्या वर. चक्कर आली की आपलं पहिलं बोट उन्हाकडेच जातं. मिरगीच्या गोळीवर असलेला माणूस उन्हाळ्यात डुलायला लागला, तर पाणी-सरबत जरूर द्या, पण सोबत रक्ताची पातळीही काढा.

लक्षणांना साधारण एक क्रम असतो. पातळी २० च्या वर गेली की बाजूला बघताना डोळ्यांची बुबुळं थरथरतात. डॉक्टर बोट डावी-उजवीकडे फिरवतात ते हेच पाहायला. ३० च्या पुढे चाल बिघडते, दोन-दोन दिसतं, बोलणं ओढल्यासारखं होतं. ४० च्या पुढे गुंगी आणि गोंधळ. तुमच्या वडिलांचे ३८ आणि त्यांची लक्षणं एकमेकांशी जुळतात, म्हणजे रिपोर्टवर शंका घ्यायचं कारण दिसत नाही. मात्र कुणाला २२ वरच त्रास होतो, तर कुणी २५ वर ठणठणीत असतो. मी आकड्यापेक्षा माणसाची चाल आधी पाहतो.

आता ते ‘फक्त गजकर्णासाठी’. तुमच्या पूर्ण लिखाणातलं माझ्या मते हे सगळ्यात महत्त्वाचं वाक्य आहे. फ्लुकोनॅझोल त्याच सीवायपी२सी९ एन्झाइमला अडवतं. आधीच काठोकाठ भरलेल्या एन्झाइमचा हात आणखी आखडला. वरच्याच हिशेबात एन्झाइमची पकड दीडपट सैल झाली असं धरा. चार गोळ्यांवरची २८ ची पातळी त्याच चार गोळ्यांवर ४२ होते. तुमचे ३८ याच दोन आकड्यांच्या मध्ये बसतात. ही माझी अटकळ आहे, सिद्धता नाही. पण गोळी वाढवणं आणि फ्लुकोनॅझोल सुरू होणं यांच्या तारखा एकमेकांजवळ निघाल्या, तर मला फारसं आश्चर्य वाटणार नाही. त्या दोन तारखा कागदावर लिहून काढा.

यात पुढे एक उलटा धोकाही आहे. फ्लुकोनॅझोल थांबवलं की त्याचा अंमल आठवड्याभरात ओसरतो आणि एन्झाइम पुन्हा मोकळं होतं. फ्लुकोनॅझोल चालू असताना ठरवलेली कमी मात्रा तेव्हा अपुरी पडू शकते आणि झटका परत येऊ शकतो. म्हणून ते थांबवल्यावर पातळी पुन्हा बघायलाच हवी. गजकर्णासाठी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा, मलमाने भागेल का ते विचारा. पोटातून औषध लागलंच तर त्यांना फेनिटॉइनचं नाव आधी सांगा. दुकानदाराने फ्लुकोनॅझोलऐवजी इट्राकोनॅझोल दिलं तर वेगळीच अडचण. फेनिटॉइन त्याला इतक्या वेगाने मोडायला लावतं की गजकर्ण जागचं हलत नाही.

फेनिटॉइन चढवणारी औषधं बरीच आहेत आणि त्यातली काही घराघरात असतात. आम्लपित्तासाठी महिनोन् महिने घेतलं जाणारं ओमेप्राझोल, हृदयाच्या ठोक्यांसाठीचं अमिओडॅरोन, जंतुसंसर्गासाठीचं को-ट्रायमॉक्साझोल, नैराश्यासाठीचं फ्लुओक्सेटिन. टीबीच्या औषधांतलं आयसोनियाझिड मी मुद्दाम वेगळं काढतो, कारण ज्यांच्या शरीरात ते हळू मोडतं त्यांच्यात फेनिटॉइन चांगलंच चढतं, आणि आपल्याकडे असे लोक बरेच आहेत. त्याच टीबीच्या उपचारातलं रिफाम्पिसिन उलट पातळी खाली ओढतं. दोन्ही सोबत असताना कोण जिंकेल हे आधी सांगता येत नाही, मोजूनच कळतं. व्हॅल्प्रोएट या मिरगीच्याच दुसऱ्या औषधाचा हिशेब तर दोन्ही बाजूंनी गुंतागुंतीचा. एकूण पातळी तीच दिसते, पण रक्तातलं मोकळं फेनिटॉइन वाढलेलं असतं.

हे मोकळं फेनिटॉइन काय ते थोडक्यात. रक्तातलं सुमारे नव्वद टक्के फेनिटॉइन अल्ब्युमिन नावाच्या प्रथिनाला चिकटलेलं असतं आणि चिकटलेलं औषध मेंदूत जात नाही. काम करतं ते उरलेलं दहा टक्के. लॅबचा नेहमीचा रिपोर्ट मात्र दोन्ही मिळून देतो. वय, कुपोषण, यकृताचा किंवा मूत्रपिंडाचा आजार यांनी अल्ब्युमिन उतरलं की मोकळ्या औषधाचा वाटा वाढतो आणि रिपोर्टवरचा आकडा फसवतो. समजा कुणाची पातळी १४ आली, म्हणजे कागदावर अगदी ठीक, पण अल्ब्युमिन २.५, म्हणजे कमी आहे. दुरुस्तीचं सूत्र लावलं की हा आकडा २३ इतका भरतो. रुग्ण डुलत असतो आणि नातेवाईक रिपोर्ट दाखवून म्हणतात, ‘नॉर्मल आहे ना डॉक्टरसाहेब.’ म्हणून वडिलांचं अल्ब्युमिन एकदा तपासून घ्या. ते कमी निघालं, तर ३८ हा आकडा प्रत्यक्षात आणखी मोठा आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्यांना हे साधं सूत्र पुरत नाही, त्यांच्यात मोकळी पातळीच मोजलेली बरी.

लिव्हर खराब झालं का? केवळ ३८ या आकड्यावरून तसं म्हणता येत नाही. धडधाकट यकृतातही हे एन्झाइम भरून जातं, तो त्याचा स्वभाव आहे. एसजीपीटी, बिलिरुबिन आणि अल्ब्युमिन या यकृताच्या रक्ततपासण्या पाहा. एक सूचना. फेनिटॉइनवर वर्षानुवर्षं असलेल्यांमध्ये जीजीटी आणि अल्कलाइन फॉस्फेटेज हे यकृताच्या रिपोर्टमधले आकडे थोडे वाढलेले सर्रास दिसतात, कारण हे औषध यकृतातल्या इतर एन्झाइमांना कामाला लावतं. तेवढ्यावरून घाबरून गोळी सोडलेले रुग्ण मी पाहिले आहेत. मात्र औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांत ताप, अंगभर पुरळ, तोंडात फोड आले, तर ती ॲलर्जी असते. तिचा पातळीशी संबंध नाही, आणि तिथे गोळी त्याच क्षणी थांबवून रुग्णालय गाठायचं. हिरड्या सुजणं, अंगावर केस वाढणं, हाडं ठिसूळ होणं हे दीर्घकाळच्या वापराचे परिणाम, त्यांचा आजच्या तोलाशी संबंध नाही.

इथवरचं सांगणं दोन ओळींत: वडिलांचं यकृत तीन गोळ्यांवरच बहुधा आपल्या मर्यादेजवळ होतं, चौथी गोळी त्या मर्यादेला भिडली आणि फ्लुकोनॅझोलने ती मर्यादा अलीकडे ओढली.

पण मला एक प्रश्न अजून सुटलेला दिसत नाही. मार्चमध्ये झटका आलाच का? इतकी वर्षं तीन गोळ्यांवर ठीक असलेल्या माणसाला? याचं उत्तर न शोधता मात्रा वाढवली, तर पुढे घोटाळा होतो. लग्नाचं घर, जागरण, रात्रीचं जेवण उशिरा, गोळ्यांची पिशवी नागपुरातच राहिलेली, किंवा दोन दिवस ‘आज राहू दे’ झालेलं. असं घडलं असेल तर तेव्हा त्यांची पातळी खाली गेली होती आणि मात्रा मुळात पुरेशीच होती. मग घरी आल्यावर काय होतं? घाबरलेले घरचे लोक गोळी स्वतःच्या हाताने, एकही दिवस न चुकवता द्यायला लागतात. म्हणजे एकीकडे मात्रा वाढली आणि दुसरीकडे पूर्वी अधूनमधून चुकणारे डोसही आता पोटात जायला लागले. कागदावर एक गोळी वाढली, शरीरात त्याहून जास्त. वडिलांना रागावून नका विचारू. ‘कधीमधी राहून जात होती का’ असं सहज विचारा, खरं उत्तर मिळेल. झटका आल्यावर, मात्रा वाढवण्याआधी पातळी काढलेली असती तर हे तेव्हाच कळलं असतं. तेव्हाचा काही रिपोर्ट असेल तर शोधून ठेवा.

पातळी खाली यायची आणखीही कारणं असतात. आम्लपित्ताची पातळ औषधं आणि कॅल्शियमच्या गोळ्या सोबत घेतल्या तर फेनिटॉइन नीट शोषलं जात नाही, दोन-तीन तासांचं अंतर ठेवावं. नळीवाटे अन्न चालू असलेल्यांनाही हीच अडचण. स्मरणशक्तीसाठी म्हणून घेतलं जाणारं शंखपुष्पीचं सिरप फेनिटॉइनची पातळी उतरवतं, असं उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे. माझ्या मिरगीच्या रुग्णांना मी ते घेऊ देत नाही. आणि मिरगीवर हमखास म्हणून मिळणाऱ्या बिनानावाच्या पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन हे मिरगीचं जुनं औषध आणि फेनिटॉइनच मिसळलेलं सापडल्याच्या नोंदी आहेत. घरात कुणी प्रेमाने अशी पुडी देत असेल तर ते आजच डॉक्टरांना सांगा, लपवू नका. आपल्याकडे हमखास विचारतात म्हणून सांगतो, नागपुरी संत्र्याने फेनिटॉइनला काही होत नाही, खुशाल खा. अमेरिकेतलं ग्रेपफ्रूट हे फळ मात्र कार्बामाझेपिन हे मिरगीचं दुसरं औषध चढवतं. त्याच्याच जवळचं आपलं पपनस कार्बामाझेपिन घेणाऱ्यांनी टाळावं.

गोळीची कंपनी बदलली का, हेही तपासा. १९६० च्या दशकाच्या शेवटी ऑस्ट्रेलियातल्या ब्रिस्बेनमध्ये फेनिटॉइनवरच्या बऱ्याच रुग्णांना एकाच सुमारास विषबाधा झाली होती. कॅप्सूलमध्ये औषध तेवढंच होतं, पण त्यात भरायचा निष्क्रिय पदार्थ बदलला होता. कॅल्शियम सल्फेटऐवजी लॅक्टोज आल्यावर औषध जास्त शोषलं जाऊ लागलं. काठावर उभ्या असलेल्या रुग्णाला एवढा फरक पुरतो. ‘कंटेंट तेच आहे’ म्हणून दुकानदाराने दुसरी पाकिटं दिली असतील तर तारीख लिहून ठेवा, आणि यापुढे एकाच कंपनीची गोळी घ्या. मुलांचं पातळ औषध असेल तर बाटली दर वेळी नीट हलवायची. औषध खाली बसतं, वरच्या चमच्यांत कमी आणि तळाच्या चमच्यांत जास्त जातं. महिनाअखेर मूल पेंगायला लागलं की मी आधी बाटलीबद्दलच विचारतो.

पातळी किती दिवसांत उतरेल? डोस थांबवल्यावर वरच्या सरासरी हिशेबाने ती दिवसाला नऊ-दहाने उतरायला हवी. वयस्क माणसात आणि फ्लुकोनॅझोल अंगात असताना याहून हळू उतरते. चार-पाच दिवस लागले तर घाबरू नका. यावर उतारा म्हणून कोणतंही औषध नाही आणि नव्वद टक्के औषध प्रथिनाला चिकटलेलं असल्याने साध्या डायलिसिसचा फारसा उपयोग होत नाही, त्याची वेळही क्वचितच येते. सांभाळणं हाच उपचार. दृष्टी आधी सुधारते, तोल सावकाश. मात्र महिनोन् महिने पातळी चढलेली राहिली तर लहान मेंदू आकसू शकतो आणि मग तोल पूर्ण परत येत नाही. तुम्ही वेळेत तपासणी केलीत हे फार बरं झालं.

पुढची मात्रा किती, हे तुमचे डॉक्टर ठरवतील, आणि ते बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे. माझी पद्धत सांगतो. पातळी ७ च्या खाली असेल तर मी १०० मिलिग्रॅमने वाढवायला कचरत नाही. ७ ते १२ मध्ये असेल तर ५० ने. १२ च्या पुढे २५-३० च्या वर जात नाही. यासाठी ५० मिलिग्रॅमची साधी गोळी मिळते, तिची अर्धी करता येते. सावकाश विरघळणाऱ्या मोठ्या गोळ्या तोडायच्या किंवा चुरायच्या नाहीत. आणि प्रत्येक बदलानंतर तीन आठवड्यांनी पातळी, रात्रीच्या डोसनंतर सकाळी, पुढच्या डोसच्या बऱ्याच आधी, दर वेळी शक्यतो त्याच वेळेला.

औषधच बदलावं का? हाही रास्त प्रश्न आहे. फेनिटॉइन १९३८ मध्ये मेरिट आणि पुटनम या अमेरिकी डॉक्टरांनी मिरगीवर वापरून दाखवलं तेव्हापासून वापरात आहे. स्वस्त आहे, खेड्यातल्या दुकानातही मिळतं, आणि ज्यांना मानवतं त्यांना वर्षानुवर्षं मानवतं. लेव्हेटिरासेटाम या मिरगीच्या नव्या औषधाचं गणित सरळ आहे, ते मुख्यतः मूत्रपिंडातून जातं आणि इतर औषधांशी फारसं भांडत नाही. मात्र त्याने काहींचा स्वभाव चिडका होतो आणि क्रिएटिनिन वाढलेल्यांना, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेल्यांना, मात्रा कमी करावी लागते. बदल करायचाच ठरला तर नवं औषध पुरेसं चढवून मग जुनं आठवड्याआठवड्याने उतरवायचं. पातळी ३८ असताना घाईने हा निर्णय घेऊ नये, आधी वडील सरळ चालू लागू देत.

डॉक्टरांकडे जाताना सध्याच्या गोळ्यांची रिकामी आणि भरलेली सगळी पाकिटं न्या, फ्लुकोनॅझोलचंही. मार्चच्या झटक्याची तारीख, चौथी गोळी सुरू झाल्याची तारीख, फ्लुकोनॅझोलची पहिली गोळी आणि तोल जायला लागला तो दिवस, या चार तारखा एका कागदावर लिहा. ३८ च्या रिपोर्टवर रक्त काढल्याची वेळ आहे का बघा, नसेल तर आठवून लिहा. आणि तपासण्यांत फेनिटॉइनच्या पातळीसोबत अल्ब्युमिन, एसजीपीटी आणि क्रिएटिनिन हे तिन्ही एकाच वेळी करायचे का, ते तिथे विचारून घ्या, म्हणजे वडिलांना दोनदा सुई टोचावी लागणार नाही.